रेकॉर्ड प्लेअरची घूं

“आणि सुई उचलल्यावर?”

“तरी आवाज येतो.”

“तबकडी थांबवल्यावर?”

“तरी येतो. अण्णा, हे सगळं मी घरी करून बघितलंय.”

अण्णांनी, म्हणजे यशवंत गुरवांनी, मान हलवली.

रविवारची दुपार होती. कुरुंदवाडच्या पलीकडं, कृष्णेच्या काठावर एक लहानसं महादेवाचं देऊळ आहे. त्याच्या ओवरीत एका लाकडी बाकावर रेकॉर्ड प्लेअर ठेवला होता. त्याच्या खाली अॅम्प्लिफायर आणि बाजूला एक स्पीकर. तिन्ही वस्तू आदिनाथ मगदूम इचलकरंजीहून गाडीत घालून घेऊन आले होते.

मगदूम एकसष्ट वर्षांचे. घरचे अठ्ठेचाळीस यंत्रमाग, वडिलांपासून चालत आलेले. पण गावात त्यांची ओळख मागांपेक्षा कानांसाठी जास्त. संगीत मंडळाचे ते अध्यक्ष. तंबोरा केसभर उतरला तरी पहिल्या रांगेत त्यांच्या कपाळाला आठी पडायची. ती आठी बघून गाणारे गाणं थांबवून तंबोरा पुन्हा लावायला घ्यायचे.

अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे. देवळाची पूजा त्यांच्या घराण्यात होती, रेडिओचा नाद त्यांचा स्वतःचा. चाळीस वर्षांपूर्वी मगदूम दर रविवारी सायकलवरून त्यांच्याकडं रेडिओ दुरुस्ती शिकायला यायचे. दीड वर्ष शिकले. मग वडील आजारी पडले आणि मगदुमांना कारखान्यात उभं राहावं लागलं. तरी दर दसऱ्याला ते अण्णांच्या पाया पडायला येत. गुरू म्हणून ते आयुष्यात एकाच माणसाचं नाव घेत.

प्लेअर त्यांच्या लेकीनं दिला होता. सन्मती जयसिंगपूरला दिलेली. वडिलांच्या एकसष्टीला तिनं आपल्या पगारातून तो घेतला. हलका, प्लॅस्टिकच्या अंगाचा, स्वस्तातला. मगदुमांनी तो लावला आणि पहिल्याच दिवशी त्यांना त्यातून घूं असा आवाज आला.

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं होतं. तेव्हा मगदूम सगळ्यांसमोर म्हणाले, पोरीनं मला गाणारं खेळणं आणून दिलंय, पण ते गाण्याच्या आधी घोरतं.

पाहुणे हसले. सन्मतीही हसली. त्यानंतर ती माहेरी आली की वडिलांच्या गाण्याच्या खोलीत जाईनाशी झाली.

आज गाडी तीच चालवत होती. ड्रायव्हर रजेवर होता, म्हणून. ती ओवरीच्या पायरीवर बसली होती, नदीकडं तोंड करून.

मगदुमांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर त्यांनी केलेल्या चौदा चाचण्या लिहिल्या होत्या, तारखांसह. वायरी बदलल्या. खोली बदलली. फ्रिज बंद करून बघितला, पंखा बंद करून बघितला. सुई नवी घातली.

“तुम्ही फक्त एकदा सांगा,” ते म्हणाले, “की यंत्रच हलकं आहे. म्हणजे मी टाकून देतो.”

पायरीवरची पाठ हलली नाही.

अण्णांनी कागद घेतला. न वाचताच फुलांच्या परडीखाली ठेवला.

“लाव,” ते म्हणाले.

मगदुमांनी सगळं जोडलं. हात सराईत होते. त्यांनी बटण दाबलं आणि ओवरी आवाजानं भरली. आधी एक खरखर, आणि तिच्या खाली जाड, एकसुरी घूं.

“काय ऐकू येतंय?” अण्णांनी विचारलं.

मगदुमांना हा प्रश्न शिकवणीतल्यासारखा वाटला. त्यांनी व्यवस्थित उत्तर दिलं. खरखर कुठली, घूं कुठली, कुठली वर, कुठली खाली.

मग अण्णांनी सन्मतीला हाक मारली आणि तिलाही तेच विचारलं.

ती उठून आत आली. म्हणाली, दोन्ही येतात. पण गाणं सुरू झालं की तिला कळत नाहीत.

मगदूम काहीतरी बोलणार होते. अण्णांनी हात वर केला.

त्यांनी प्लेअर फिरवून त्याची मागची बाजू पुढं घेतली. तिथं एक बारीक बटण होतं, नखानं सरकवायचं. अण्णांनी ते दाखवलं. या प्लेअरच्या पोटातच आवाज वाढवायची सोय होती. तो तिथं वाढवला जात होता आणि अॅम्प्लिफायरमध्ये पुन्हा वाढवला जात होता. दोनदा.

“सरकव.”

मगदुमांनी बटण सरकवलं. खरखर जवळजवळ गेली.

त्यांच्या कागदावर हे बटण नव्हतं.

घूं मात्र होतीच. अण्णांनी प्लेअर अॅम्प्लिफायरवरून उचलायला लावला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. घूं थोडी पातळ झाली. मग त्यांनी डाव्या हाताचा पंजा स्पीकरच्या जाळीवर ठेवला आणि उजव्या हाताचं एक बोट सुईच्या दांड्याला लावलं.

घूं खाली बसली.

“काय झालं?”

“कमी झाली,” सन्मती म्हणाली.

अण्णांनी बोट काढलं.

“आता?”

“आली.”

पुन्हा बोट लावलं. पुन्हा काढलं. असं चार वेळा केलं. सन्मती पुढं सरकून बघू लागली.

मगदुमांना याचा अर्थ माहीत होता. इथंच, याच ओवरीत ते शिकले होते. बोट लावल्यावर आवाज कमी होतो, म्हणजे यंत्राला जमीन मिळत नाही; माणसाच्या अंगातून मिळते तेवढीच. “पण अर्थिंगची वायर मी स्वतः लावलीय,” ते म्हणाले. “स्वतःच्या हातानं.”

“काढून बघ.”

मगदुमांनी स्क्रू सैल केला. वायरीच्या टोकाला चिमटा होता, आणि चिमट्यावर पारदर्शक वार्निशचा थर. ज्या स्क्रूखाली तो दाबला होता, तो काळ्या रंगात बुडवून काढलेला. धातूला धातू कुठंच लागत नव्हता. वायर लावली होती, पण जोडलेली नव्हती.

अण्णांनी एक जुनं ब्लेड दिलं.

मगदूम ओवरीच्या फरशीवर मांडी घालून बसले आणि खरवडू लागले. पांढरा शर्ट, सोन्याचं घड्याळ, आणि मांडीवर काळ्या रंगाचा भुगा. पाच-सहा मिनिटं लागली.

स्क्रू आवळला. बटण दाबलं.

घूं गेली होती.

अण्णांनी स्पीकरच्या जाळीवर पंजा ठेवून सन्मतीकडं बघितलं. तिनं मान हलवली. काही नाही.

यंत्रात दोष नव्हता. हे अण्णा म्हणाले नाहीत, सन्मतीही म्हणाली नाही. मगदुमांनी हातातलं ब्लेड फडक्याला पुसलं, मग पुन्हा पुसलं.

“अजून आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“आवाज. मोठा गेला, म्हणून आता खालचा स्पष्ट झालाय.”

सन्मती म्हणाली, तिला काही येत नाही.

“तुला यायचाच नाही,” मगदूम म्हणाले. आवाजात राग नव्हता. जसं आहे तसं सांगत असल्यासारखे ते बोलले.

अण्णांनी विचारलं, कसा आहे?

बारीक आहे, मगदूम म्हणाले. लांब कुठंतरी कारखाना चालू असावा तसा. त्याला चढउतार नाही. सुरात बसत नाही आणि सोडतही नाही. रेकॉर्ड लावली तर दोन तानांच्या मधे येऊन उभा राहतो. सम येते, गाणारा थांबतो, आणि त्या जागेत हा असतो.

“मोटार असेल,” ते म्हणाले.

अण्णांनी तबकडी थांबवली.

“आहे.”

आवाजाचं बटण पूर्ण खाली आणलं.

“आहे. म्हणजे अॅम्प्लिफायर.”



अण्णा म्हणाले, “भिंतीकडं तोंड करून बस. आवाज येतोय तोवर एक बोट वर धर. थांबला की खाली घे. मधे बोलायचं नाही.”

मगदूम बसले. एकसष्ट वर्षांचा माणूस, शिकवणीतल्या पोरासारखा भिंतीकडं तोंड करून. उजव्या हाताची तर्जनी वर.

अण्णांनी अॅम्प्लिफायरचा प्लग काढला.

बोट वर होतं.

त्यांनी प्लेअरचा प्लग काढला. प्लेअर आणि अॅम्प्लिफायर यांच्यातली वायर काढली. स्पीकरची वायर काढली.

बोट वर.

सन्मतीच्या लक्षात आलं. तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी हातानंच खूण केली : उचल. बाहेर ने.

तिनं आधी प्लेअर नेला. अनवाणी होती, पाय वाजले नाहीत. गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून ती परत आली. बोट तसंच होतं. तिनं अॅम्प्लिफायर उचलला. जड होता, तो पोटाशी धरून तिनं पायऱ्या उतरल्या. परत आली. शेवटी स्पीकर नेला.

चौथ्यांदा ती आत आली नाही. दारातच उभी राहिली.

ओवरीत आता बाक होता, बाकावर प्लेअरखाली अंथरलेलं फडकं होतं, आणि भिंतीपाशी तिचे वडील बोट वर धरून बसले होते. हात थकला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी कोपराला आधार दिला होता.



“वळ,” अण्णा म्हणाले.

मगदूम वळले.

त्यांनी बाक बघितला. दारातली मुलगी बघितली. तिच्या मागं, पायऱ्यांखाली उभी असलेली गाडी बघितली. बोट अजून वर होतं. मग ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते खाली घेतलं.

“कधी काढलंत?”

“झाला बराच वेळ.”

मगदूम उठले. नदीवर कुणाचातरी पंप चालू असेल, असं म्हणत ते पायऱ्या उतरून घाटाकडं गेले. सन्मती थोडं अंतर ठेवून मागं गेली.

घाटावर कुणी नव्हतं. पंप होते, पण दुपारी शेतीची वीज नसते, सगळे बंद होते. पाणी हलत नव्हतं. पलीकडच्या काठावर एक म्हैस उभी होती.

मगदूम पाण्याच्या कडेला उभे राहिले. त्यांनी दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबले.

बाहेरचं सगळं गेलं. तो आवाज मोठा झाला.

त्यांनी हात काढले. पुन्हा दाबले. पुन्हा काढले. सन्मतीला त्यांची फक्त पाठ दिसत होती. ती पुढं गेली नाही.

परत आल्यावर ते बाकावर बसले, प्लेअर होता त्या जागी. अण्णांनी तांब्यातून पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं, पण प्यायले नाहीत.

“मला वीस वर्षं झाली,” अण्णा म्हणाले. “उजव्या कानात. माझी शिट्टी आहे.”

मगदुमांनी वर बघितलं.

“मग मघाशी घूं गेली ते तुम्हाला कसं कळलं?”

“हाताला कळलं थोडं. बाकी तुम्ही दोघं सांगत होता.”

अण्णांनी पुढचं साध्या शब्दांत सांगितलं. सांगलीला कानाचे डॉक्टर आहेत, उद्याच जाऊन दाखव. ते तपासतील, ऐकू किती येतं ते मोजतील. आवाज जाईल असं ते म्हणतील किंवा म्हणणार नाहीत. तरी जा. आणि कारखान्यात जाताना यापुढं कान झाकून जा.

मगदूम म्हणाले, आमच्या वडिलांनी कधी कानात बोळा घातला नाही. मीही घातला नाही. मालकानंच कान झाकले तर माणसं काय म्हणतील, असं वाटायचं. चाळीस वर्षं ते मागांच्या मधून तसेच फिरत आले होते. संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन, दिवाणावर बसून रेकॉर्ड लावायचे. तेवढा एक तास त्यांचा असायचा. तो आवाज त्या तासात कधी आला, ते त्यांना आठवेना. लेकीनं दिलेला नवा प्लेअर आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं, इतकंच.

थोड्या वेळानं ते म्हणाले, “गेल्या थंडीत…”

आणि थांबले.



“गेल्या थंडीत मंडळाचा कार्यक्रम होता,” मगदूम म्हणाले.

हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. सन्मती पायरीवर बसली होती, ती ऐकू लागली.

पुण्याहून एक गायिका आल्या होत्या. ध्वनीची व्यवस्था इलाही शिकलगारकडं होती. बावीस वर्षं तीच व्यवस्था, तोच माणूस. गायिकेनं विलंबित सुरू केलं आणि मगदुमांना स्पीकरमधून आवाज आला. त्यांनी हात वर करून कार्यक्रम थांबवला. इलाहीनं वायरी तपासल्या. पुन्हा सुरू झालं, पुन्हा त्यांना आवाज आला, पुन्हा त्यांनी थांबवलं. तिसऱ्यांदा थांबवल्यावर गायिकेनं तंबोरा खाली ठेवला. मग त्या गायल्या, पण मन लावून नाही. तासाभरात आटोपतं घेतलं.

इलाही स्टेजच्या बाजूला उभा होता. तो एवढंच म्हणाला होता, साहेब, मला तर स्वच्छ येतंय.

“मी काय म्हणालो ठाऊक आहे?” मगदूम म्हणाले. “माईकवरून. सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं. म्हणालो, मग तू कान दाखवून घे.”

पुढच्या बैठकीत मंडळानं दुसरा माणूस नेमला. ठरावावर अध्यक्षांची सही होती. इलाहीनं जाऊन कुणाला काही विचारलं नाही. आता तो लग्नांत स्पीकर लावतो, असं मगदुमांच्या कानावर आलं होतं.

गाभाऱ्यातल्या अभिषेकपात्रातून पाणी ठिबकत होतं.

मगदूम हातातलं पाणी आता प्यायले.

सन्मतीनं विचारलं, यंत्र आत आणू का? एकदा गाणं लावून बघायचं का?

“नको,” मगदूम म्हणाले. “घरीच लावू. तू जोडून दे. मला ते बटण दिसलंसुद्धा नव्हतं.”

ती उठली आणि गाडीत जाऊन मागच्या सीटवरच्या वस्तू नीट लावू लागली. प्लेअरभोवती तिनं आपली ओढणी गुंडाळली. मग काचेतून एकदा ओवरीकडं बघितलं, आणि पुढं जाऊन स्टिअरिंगवर बसली.

मगदूम अण्णांच्या पाया पडले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं, आणि ठरवलं की ते मागं ठेवत नसत.

त्यांनी सगळं मांडलं. उद्या डॉक्टर. परवा मंडळाची तातडीची बैठक. तिथं ते स्वतः उभे राहून सांगणार, दोष माझ्या कानात होता. जुना ठराव रद्द करायचा, इलाहीला पुन्हा नेमायचं. जमलं तर त्याच सभागृहात, त्याच माईकवरून त्याची माफी मागायची. शाल, नारळ. सगळं गाव बघेल असं.

बोलता बोलता त्यांचा आवाज पुन्हा अध्यक्षांचा झाला होता.

अण्णा ऐकत होते. डावा कान पुढं करून.

“पण त्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन यावं म्हणतो,” मगदूम म्हणाले. “आजच. जाता जाता शिरोळ लागतं, तिथंच राहतो तो. फक्त सुरुवात कशी करू ते कळत नाही. अण्णा, त्याला काय सांगू?”

अण्णांनी परडीखालचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. मगदुमांनी तो खिशात ठेवला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

ते गाडीकडं गेले नाहीत.

“काही सांगू नको,” अण्णा म्हणाले. “त्या दिवशी त्याला काय ऐकू येत होतं, ते विचार.”